गालावरचे चौकोन

बारावीच्या वर्गात लेझरचा विषय निघाला की मी मुलांना हटकून सांगते, कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मले. १९३८ चा जन्म, पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ ची पदवी, मग अमेरिका, आणि १९६४ साली बेल लॅब्जमध्ये हा लेझर. पोलाद कापणारा किरण आपल्या गावच्या माणसाने काढला हे ऐकून पोरांचे डोळे चमकतात, आणि इतकी वर्षं शिकवूनही ते सांगताना माझाही ऊर भरून येतो. तोच किरण मी मागच्या वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच्या दोन्ही गालांवर घेतला. त्याचं पुढे काय झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण असं सविस्तर मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

सोळाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत मला मोठाले, दुखरे मुरूम यायचे. आई ओरडायची, "नखं लावू नकोस गं!" आणि मी लावायचे. मुरूम गेले, खड्डे राहिले. तशी सवय झाली होती. लग्न झालं, नोकरी लागली, मुलगा झाला, कोणी तोंडावर काही बोललं नाही. पण २०२० मध्ये ऑनलाइन तास सुरू झाले आणि दिवसाचे चार-चार तास माझाच चेहरा माझ्यासमोर आला. टेबलाशेजारी खिडकी होती. बाजूने उजेड पडला की प्रत्येक खड्ड्याची सावली दिसायची. मी शिकवता शिकवता मान वळवायला लागले, मग टेबलच हलवलं. तेव्हा मनात जे शिरलं ते तास संपले तरी गेलं नाही.

मग वाचायला लागले. मी शास्त्राची बाई, म्हणून आधी यंत्र समजून घेतलं. ह्या लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेतं आणि कातडीत पाणी भरपूर, त्यामुळे जिथे किरण पडतो तिथली कातडी क्षणात वाफ होऊन उडते. आजूबाजूला तापलेला भाग उरतो, तो भरून येताना नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, तयार होतं, खड्डा थोडा वर येतो. पूर्वी चेहऱ्याचा अख्खा थरच असा काढत. जखम फार मोठी व्हायची आणि कित्येकांच्या चेहऱ्यावर पुढे कायमचे फिकट पट्टे राहायचे. २००४ मध्ये डीटर मॅनस्टीन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट मांडली: अख्ख्या थराला हात न लावता केसाएवढ्या बारीक जखमांची जाळी पाडायची, मधली कातडी शाबूत ठेवायची, म्हणजे ती शाबूत कातडी शेजारच्या जखमा लवकर भरते. ह्यालाच फ्रॅक्शनल म्हणतात, आणि कार्बन डायऑक्साइड लेझरने केलं की त्या जखमा म्हणजे बारीक छिद्रंच असतात. मला ती कल्पना फार आवडली. अजूनही आवडते.

आणि इथेच माझी चूक झाली. मी हिशेब केला की हा किरण पाणी शोषतं, मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, नाही. केस काढायच्या लेझरचं लक्ष्य रंगद्रव्य असतं, म्हणून सावळ्या कातडीला तिथे भाजायची भीती जास्त. इथे रंगाचा संबंधच नाही, मग मी गव्हाळ काय, सावळी काय, फरक पडत नाही. किरणापुरता तो हिशेब अगदी बरोबर होता. किरण पडून गेल्यावर कातडी काय करते, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

पुण्यातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले. आधी एक मुलगी भेटली, हातात टॅबलेट, बोलणं गोड. तिने 'आधी-नंतर'चे फोटो दाखवले. त्यातला एकही चेहरा माझ्या रंगाचा नव्हता, हे आता आठवतं. चार बैठकांचं पॅकेज ३६,००० रुपये, निम्मे आगाऊ. डॉक्टरांनी गालावर बोट फिरवलं, "छान रिझल्ट येईल" म्हणाले आणि उठले. पाच मिनिटंही झाली नसतील. चटका बसला की डाग राहतो का, ताप आल्यावर ओठाला फोड येतात का, मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का, यातलं काही विचारलं नाही. मी म्हटलं, "एप्रिलमध्ये पेपर तपासून होतात, मग सुट्टी आहे, तेव्हा करूया का?" त्या मुलीने लगेच तारीख दिली. बारामतीचा एप्रिल! दुपारी बाराला डांबर मऊ होतं आमच्याकडे. मला सुट्टी दिसली, ऊन दिसलं नाही. ज्यांना दिसायला हवं होतं त्यांनीही थांबवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दिवशी चेहरा धुऊन बधिर करणारं मलम थापलं, वर प्लास्टिकचा पातळ कागद, आणि तासभर बसवून ठेवलं. गाल जड झाले, ओठ आपले नाहीत असं वाटायला लागलं. त्याआधी दोन पानी इंग्रजी फॉर्मवर सही घेतली होती. मग आत नेलं, डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसवल्या. डॉक्टर दारात डोकावून गेले. यंत्र चालवलं ते दुसऱ्याच एका मुलीने.

दुखतं का? हो, दुखतं. बधिर असूनही प्रत्येक ठशाला गरम सुयांचा झारा गालावर दाबल्यासारखं वाटतं, विशेषतः कानाजवळ आणि जबड्याच्या हाडावर. धूर ओढणारी नळी कानाशी घोंघावत होती, तरी वास येतच होता, चुलीत केस पडल्यावर येतो तसा. टक्, टक्, टक् असे ठसे पडत होते. मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. डावा गाल झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, इथे खड्डे खोल आहेत, अजून एकदा फिरवते." मी मान हलवली. तो दुसरा फेरा नको होता, हे मला नंतर कळलं.

घरी येईपर्यंत चेहरा तव्यासारखा तापला होता. त्या रात्री बर्फाचं पाणी, ओला पंचा आणि व्हॅसलिन, झोप नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली सूज. मुलगा सात वर्षांचा, तो दोन दिवस जवळ आला नाही. तिसऱ्या दिवशी लाली उतरून तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटली. हात लावला की खसखशीच्या अनारशासारखं लागायचं. सहाव्या दिवसापासून ते ठिपके कोंड्यासारखे उशीवर पडायला लागले आणि आठव्या दिवशी खालून गुलाबी, तुकतुकीत कातडी निघाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळासारखे गाल झाले की!" मी त्या दिवशी चार वेळा आरशात पाहिलं. खड्डेही उथळ वाटत होते. आता कळतं की त्यातला बराचसा भाग सुजेचा होता. कातडी फुगलेली असली की खड्डा कमी दिसतो.

मग मी नेहमीसारखी वागायला लागले. सनस्क्रीन लावत होते, पण सकाळी एकदा, वाटाण्याएवढं. स्कूटरवर सुती स्कार्फ बांधून मुलाला पोहायला सोडायला जायचे. पातळ विणीच्या सुती कापडातून किती ऊन आत येतं हे मी मुलांना शिकवू शकते, पण स्वतः स्कार्फ बांधला की सुरक्षित वाटायचं. रोज दोन्ही वेळा तव्यापुढे भाकरी होत्याच.

साधारण तिसरा आठवडा संपताना, संध्याकाळी तोंड धुऊन बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली आरशात पाहिलं, तर डाव्या गालावर एक रेघ दिसली. सरळ, पट्टीने आखल्यासारखी. अंगावर सरळ रेघ कधी नसते. तीळ गोल असतो, वांग नकाशासारखा पसरतो, सुरकुतीही वळते. मी जवळ गेले. रेघेला काटकोनात दुसरी रेघ होती. मग नजर बसली आणि सगळंच दिसलं: यंत्राच्या टोकाने पाडलेले चौकोन, एकाला एक लागून, शेवाळी-तपकिरी, आणि जिथे दोन चौकोनांच्या कडा एकमेकींवर चढल्या तिथे जास्त काळे. फरशी बसवावी तसे. डाव्या गालावर अकरा मोजले. उजवीकडे फिकट होते, पण होते. काळजात चर्र झालं.

आठ दिवसांनी फलटणला पुतण्याचं लग्न. हळदीला मांडवात ऊन तिरपं येत होतं. एक वयस्क आत्या आल्या, हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला आणि अगदी मायेने विचारलं, "सूनबाई, वाफेनं भाजलं का गं?" मी "हो" म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? पंधरा जणींनी पंधरा उपाय सांगितले. त्यातला लिंबू आणि मधाचा लेप मी दोन दिवस लावलासुद्धा. मग शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठवड्यात डाग उजळले आणि मी हुरळून गेले. लावायची थांबवली तर गाल लाल, आग होणारे, वर बारीक पुटकुळ्या.

क्लिनिकला फोन केला. "मॅडम, नॉर्मल आहे, दुसरं सेशन झालं की निघून जाईल." प्रत्यक्ष गेले तेव्हाही तेच. फॉर्मची प्रत मागून घेतली. दुसऱ्या पानावर एक ओळ होती, तात्पुरता रंगबदल संभवतो अशा अर्थाची. सही माझी होती. भांडायला तोंड उरलं नाही. दिलेले अठरा हजार परत मिळाले नाहीत. पण पुढची तारीख मी घेतली नाही, एवढं शहाणपण त्या दिवशी कुठून तरी आलं.

शेवटी एका मैत्रिणीने सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेलं. सकाळी आठला केसपेपर काढला, साडेअकराला नंबर लागला. बाहेर बाकावर माझ्यासारखे चेहरे बरेच होते, बहुतेकांच्या पिशवीत कुठली ना कुठली ट्यूब. डॉक्टर मॅडम साठीच्या आसपासच्या. त्यांनी माझी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि स्टिरॉइड आहे, आजच बंद, म्हणून सांगितलं. लिंबाचं ऐकून तर त्यांनी कपाळाला हात लावला. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी आणखी काळी पडते. मग खोलीत अंधार करून वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात गाल पाहिले. बरेच डाग त्या उजेडात गडद, ठळक दिसले, म्हणजे रंग वरच्या थरात होता. जबड्याजवळचे काही मात्र जांभळ्या उजेडातही तसेच पुसट राहिले. तिथे रंग खाली उतरला होता.

त्यानंतर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मनगटाकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"तव्याचा चटका. दिवाळीतला."

"भरून किती दिवसांत आला?"

"आठवड्यात."

"आणि डाग?"

दिवाळीचा चटका होता आणि आता जून चालू होता. डाग अजून होता.

"तुमची कातडी चटक्याला काय उत्तर देते ते तुमच्या मनगटावर लिहिलेलंय. त्यांनी गालावर हजारो बारीक चटके दिले. मग गाल वेगळं काय करणार?"

मी पाच महिने वाचत होते, आणि हा पुरावा रोज माझ्या हातावर होता. लेझरला कातडीचा रंग कळत नाही हे खरंच. पण जखम झाली, आतून दाह झाला, की आपल्या सावळ्या कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात. ऊन आणि उष्णता त्यात तेल ओतते. १९७५ मध्ये अमेरिकेत टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी कातडी उन्हात लाल होते की काळवंडते यावरून प्रकार पाडले. सुरुवातीला ते चारच होते, गोऱ्या कातडीचे. सावळे आणि काळे, म्हणजे पाचवा आणि सहावा, नंतर जोडले. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्यात येतो. मॅडम म्हणाल्या, आपल्या कातडीला ही यंत्रं चालतात, त्या स्वतःही वापरतात, पण छिद्रं विरळ ठेवून, एकाच फेऱ्यात, थंडीच्या दिवसांत, आणि आधी कानाच्या मागे किंवा जबड्याखाली छोटा ठसा देऊन चार-सहा आठवडे वाट पाहून. छिद्रांच्या खोलीपेक्षा त्यांची दाटी जास्त घात करते. माझ्या डाव्या गालावर त्या मुलीने दुसरा फेरा घेतला तेव्हा दाटीच वाढली होती.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला डागांपेक्षाही जास्त लागली. माझे बरेचसे खड्डे लेझरचे नव्हतेच. काही सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल. लेझर तिथे वरवर फिरतो, तळाशी पोचत नाही. अशांना टीसीए नावाचं तीव्र आम्ल टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या बुडाशी लावतात. काही लाटेसारखे पसरट, खालून तंतूंनी ओढून धरलेले. तिथे सुई आत घालून ते तंतू सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. उभ्या कडांचे, कांजण्यांच्या व्रणांसारखे थोडेच होते, लेझरचा खरा फायदा त्यांना. गालावर नीट पाच मिनिटं टॉर्च धरला असता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

उपचार म्हणजे मुख्यतः धीर. दोन महिने रात्री हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टिरॉइड असलेलं मिश्र मलम, फक्त डागावर, आणि त्याच तारखेला बंद. स्टिरॉइड इथेही होतं, पण मोजून, नजरेखाली. पुढे अझेलाइक अ‍ॅसिड. सनस्क्रीन दोन बोटांची लांबी भरून, दर तीन तासांनी, आणि तेही रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं. मी कारण विचारलं. सावळी कातडी नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही काळवंडते, विशेषतः निळ्या टोकाच्या, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. खिडकीची काच अतिनीलातले यूव्हीबी किरण अडवते, यूव्हीए येऊ देते, हे मी स्वतः शिकवते. तेव्हा वर्गात माझं टेबल पुन्हा हललं, ह्या वेळी खिडकीपासून लांब. भाकरी चार महिने सासूबाईंनी केल्या. एकदाही बोलून दाखवलं नाही त्यांनी, हे लिहायलाच हवं.

जून-जुलै जिवावर आलं होतं. नवे विद्यार्थी, नवा वर्ग, आणि माझ्या गालावर फरशी. रंगीत सनस्क्रीनने झाकलं जायचं, पण घामाने दुपारपर्यंत ओघळायचं. एक मुलगा दाराशी थांबून म्हणाला, "मॅडम, आमच्या आईलाही कुकरचं असंच झालं होतं, गेलं नंतर." त्याच्या त्या वाक्याने मला किती बरं वाटलं, त्याला कधी कळणार नाही.

डिसेंबर आणि जानेवारीत, ऊन मवाळ असताना, मॅडमनी डाव्या गालावर दोनदा सबसिजन केलं. निळे-काळे व्रण पंधरा दिवस राहिले. पण आधी त्यांनी एकाच खड्ड्यावर करून पाहिलं होतं आणि महिनाभर थांबल्या होत्या. पसरट खड्डे खरोखर वर आलेत. सुईसारखे आहेत तिथेच आहेत, त्यांच्यासाठी पुढच्या थंडीत पाहू असं ठरलंय. आम्लानेही डाग पडू शकतो, तेव्हा तिथेही पहिला एकच खड्डा.

फेब्रुवारीत, प्रॅक्टिकलच्या गडबडीत, एक मुलगी थांबली. गालावर ताजे, लाल मुरूम, आणि मोबाईलवर एका क्लिनिकची जाहिरात, उन्हाळी सवलत. "मॅडम, बारावी झाली की करू का? पप्पा पैसे देतो म्हणालेत." मी तिला प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसवलं. मुरूम चालू असताना खड्ड्यांना हात लावायचा नसतो, आधी ते शांत करायचे, हे सांगितलं. डॉक्टरकडे त्वचारोगाची पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघ, यंत्र कोणाच्या हातात असणार ते विचार, आपल्या रंगाच्या माणसांचे सहा महिन्यांनंतरचे फोटो माग, हे सांगितलं. मग विचारलं, "तुला कुठे चटका बसलाय का कधी?" तिने बाही वर केली. इस्त्रीचा होता, दहावीतला, तिकोनी, अजून तपकिरी. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग मी ओढणी बाजूला करून तिला माझा जबडा दाखवला.

मॅडमच्या सांगण्यावरून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, सनस्क्रीन न लावता फोटो काढते. आता दहा फोटो आहेत. परवाच्या फोटोत उजवा गाल स्वच्छ आहे. डाव्या गालावरचे अकरापैकी दहा चौकोन गेलेत. जबड्याच्या कडेला एकाची खालची रेघ अजून दिसते, आणि मनगटावरचा तव्याचा डाग मात्र शोधावा लागतो.